‘असू शकते’ आणि ‘असलेच पाहिजे’ : कायद्याच्या प्रवेशपरीक्षेतील तर्कप्रश्नांचे विवेचन

सुरतेच्या दक्षिण अंगाला उधना, पांडेसरा, बमरोली असा सलग पट्टा आहे. यंत्रमागाची खाती, रंगाई-छपाईच्या मिल आणि त्यांच्या आधाराने वसलेल्या सोसायट्या अशी इथली वस्ती. उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गाने खानदेशातली असंख्य कुटुंबे या भागात आली आणि इथलीच झाली. महानगरपालिकेची शिक्षण समिती आजही गुजरातीबरोबर मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. या घरांतले जे विद्यार्थी बारावीनंतर पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाचा विचार करतात, त्यांच्यासमोर मुख्यतः दोन परीक्षा असतात. एक, राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या संघाची क्लॅट. गांधीनगरचे गुजरात राष्ट्रीय विधी विद्यापीठ आणि त्याचा सिल्वासा इथला परिसर, दोन्हींचे दार तीच उघडते. दुसरी, महाराष्ट्राच्या सीईटी कक्षाची विधी प्रवेशपरीक्षा. तिला गुजरातचा रहिवासी राज्याबाहेरचा उमेदवार म्हणून बसू शकतो.

दोन्ही परीक्षांत तर्कक्षमतेचा स्वतंत्र विभाग आहे, पण दोहोंचा स्वभाव वेगळा. क्लॅट २०२० पासून पूर्णपणे उताऱ्यांवर आधारलेली आहे. २०२४ च्या प्रवेशांपासून तिच्यात १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात, त्यांतले २२ ते २६ तर्काचे. उतारा साधारण ४५० शब्दांचा आणि त्याखाली प्रश्नांची माळ. महाराष्ट्राच्या परीक्षेतही आता १२० प्रश्न आणि दोन तास आहेत, तर्काचा वाटा ३२ प्रश्नांचा; पण तिथे अंकमालिका, नातेसंबंध, बैठकव्यवस्था हे जुने प्रकार टिकून आहेत. तिथला पेपर मराठीतही मिळतो आणि चुकीच्या उत्तराला दंड नाही. क्लॅट केवळ इंग्रजीत असते आणि चुकीच्या प्रत्येक उत्तरामागे पाव गुण जातो.

या विभागाची तयारी बहुतेक ठिकाणी क्लृप्त्यांच्या आधाराने करून घेतली जाते: अमुक शब्द दिसला की हा पर्याय खोडा, तमुक शब्द दिसला की तो निवडा. माझे म्हणणे असे आहे की तर्काचे प्रश्न वरवर कितीही वेगवेगळे दिसले तरी त्यांतले काम एकच असते. जे सांगितले आहे आणि जे त्यावरून ठरवले आहे, या दोहोंत अंतर किती, ते मोजायचे. हे मोजमाप पर्याय वाचण्याआधी, स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या शब्दांत झाले पाहिजे. तसे झाले तर पर्याय मदत करतात. नाही झाले तर तेच पर्याय दिशाभूल करतात, कारण चारांतले तीन पर्याय त्यासाठीच रचलेले असतात.

दावा, आधार आणि न बोललेला दुवा

कोणताही युक्तिवाद उलगडताना आधी दोन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात. लेखकाला शेवटी काय पटवायचे आहे, तो दावा. ते का मानायचे म्हणून तो जे सांगतो, ते आधार. दावा उताऱ्याच्या शेवटीच असतो असे नाही. अनेकदा तो पहिल्या वाक्यात असतो आणि उरलेला उतारा त्याची बाजू मांडतो. ओळखायची खूण सोपी आहे. दोन वाक्ये घ्या आणि एकापुढे ‘कशावरून?’ असे विचारा. दुसरे वाक्य उत्तर म्हणून बसले तर पहिले वाक्य दावा आणि दुसरे आधार.

आपल्याकडे ही मांडणी नवी नाही. न्यायदर्शनात परार्थानुमानाची, म्हणजे दुसऱ्याला पटवून देण्यासाठी केलेल्या अनुमानाची, पाच अंगे सांगितली आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. त्या उदाहरणात जो सर्वसाधारण नियम दडलेला असतो, त्याला व्याप्ती म्हणतात. परीक्षेतल्या उताऱ्यात प्रतिज्ञा असते, हेतू असतो. व्याप्ती मात्र बहुधा लिहिलेली नसते. लेखक ती गृहीत धरतो. ‘खालीलपैकी लेखकाचे गृहीतक कोणते?’ हा प्रश्न म्हणजे ही न लिहिलेली व्याप्ती शोधण्याचा प्रश्न आहे.

एक नोंद इथे करावीशी वाटते. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या न्यायाच्या प्रवेशग्रंथाची जी चिकित्सक आवृत्ती १८९७ साली मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत निघाली, तिचे संपादक यशवंत वासुदेव आठल्ये आणि प्रस्तावनाकार महादेव राजाराम बोडस हे दोघेही एलएल.बी. झालेले होते. कायद्याचे शिक्षण घेतलेल्या मराठी माणसांनी न्यायशास्त्राच्या पाठ्यग्रंथावर इतके श्रम घ्यावेत, हा मला योगायोग वाटत नाही. पुरावा तपासणारी बुद्धी आणि अनुमान तपासणारी बुद्धी या दोघांना एकच शिस्त लागते.

बमरोलीच्या पाण्याचा एक उतारा

आता एक पूर्ण प्रश्न सोडवून पाहू. विषय बमरोलीचाच घेतो. महानगरपालिकेने इथे सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्यापर्यंत प्रक्रिया करणारा प्रकल्प २०१४ मध्ये सुरू केला. त्याची क्षमता दिवसाला ४ कोटी लिटर, आणि शुद्ध केलेले पाणी पांडेसराच्या औद्योगिक वसाहतीला देण्यासाठी तो उभारला गेला. या वस्तुस्थितीवर परीक्षेच्या धर्तीचा एक युक्तिवाद रचतो:

‘पांडेसराच्या मिलना आता बमरोलीचे प्रक्रिया केलेले पाणी मिळते. त्यामुळे सुरतेतल्या घरांना पिण्याचे पाणी पूर्वीपेक्षा अधिक मिळणार.’

पर्यायांकडे जाण्याआधी थांबा. दावा: घरांना अधिक पाणी मिळेल. आधार: मिलना दुसरीकडून पाणी मिळाले. या दोहोंत काय काय यायला हवे? मिल आधी जे पाणी वापरत होत्या, त्यातले निदान काही पिण्याच्या पुरवठ्यातून येत असले पाहिजे. त्या सगळ्या कूपनलिकांचे पाणी वापरत असतील तर भूजल वाचेल, पण घरातला नळ जास्त वेळ चालणार नाही. दुसरे, नवे पाणी आल्यावर मिलनी जुने पाणी खरोखर कमी केले पाहिजे. नव्या पाण्यावर उत्पादन वाढवून जुना वापर तसाच ठेवला तर वाचले काय? तिसरे, वाचलेले पाणी घरांकडे वळले पाहिजे, दुसऱ्या उद्योगाकडे नाही. म्हणजे एवढ्याशा दोन वाक्यांत तीन न बोललेले दुवे आहेत. हे तीन दुवे मनात पक्के झाले की गृहीतकाचा, बळकटीचा, कमकुवतपणाचा असा कोणताही प्रश्न येऊ द्या, उत्तर यांच्यातच सापडते.

आता गृहीतकाच्या प्रश्नाचे चार पर्याय असे समजा. (अ) प्रक्रिया केलेले पाणी पिण्याइतके शुद्ध असते. (ब) मिल पूर्वी वापरत असलेल्या पाण्यापैकी काही पाणी शहराच्या पिण्याच्या पुरवठ्यातून येत होते. (क) पांडेसरातील प्रत्येक मिल आता फक्त बमरोलीचेच पाणी वापरते. (ड) सांडपाण्याचा पुनर्वापर पर्यावरणाच्या दृष्टीने हितकारक आहे.

ड खरा आहे, चांगला आहे आणि इथे निरुपयोगी आहे. युक्तिवाद घरांच्या पाण्याविषयी आहे. पर्यावरणाच्या हिताने त्यात ना भर पडते, ना घट होते. पुष्कळ विद्यार्थी असा पर्याय निवडतात, कारण तो पटण्यासारखा असतो. पण प्रश्न ‘काय खरे आहे?’ असा नसून ‘हा युक्तिवाद कशावर उभा आहे?’ असा आहे. अ विषयाजवळचा वाटतो, पण ते पाणी मिलला जाते, घराला नाही; ते पिण्यायोग्य नसले तरी युक्तिवादाला धक्का लागत नाही.

खरी झुंज ब आणि क यांच्यात आहे. इथे निषेधाची कसोटी लावावी. पर्याय उलटा करून पाहायचा आणि त्यामुळे युक्तिवाद कोसळतो का ते बघायचे. ब उलटा केला: मिलनी पिण्याच्या पुरवठ्यातले पाणी कधीच वापरले नव्हते. मग घरांना जास्त पाणी येण्याचे कारणच उरले नाही, युक्तिवाद कोसळला. क उलटा केला: एखादी तरी मिल अशी आहे की जी बमरोलीखेरीज दुसरेही पाणी वापरते. मग? बाकीच्या मिलमुळे वाचलेले पाणी घरांना जाऊ शकतेच. युक्तिवाद उभा आहे. म्हणून क हे गृहीतक नाही. तो गरजेपेक्षा मोठा दावा आहे. ‘प्रत्येक’, ‘फक्त’, ‘कधीही नाही’ असे शब्द असलेला पर्याय आपोआप चुकीचा असतो, ही शिकवणी-वर्गांतली समजूत मात्र खोटी आहे. दावाच ‘प्रत्येक’ असा असेल तर गृहीतकालाही ‘प्रत्येक’ लागतो. शब्द पाहून पर्याय खोडू नये. निषेध करून पाहावा आणि मग ठरवावे.

हाच उतारा पुढे नेऊ. ‘खालीलपैकी काय खरे असल्यास हा युक्तिवाद सर्वांत अधिक दुबळा होईल?’ आपल्या दुसऱ्या दुव्यावर घाव घालणारा पर्याय शोधायचा: नवे पाणी मिळू लागल्यावर मिलनी उत्पादन वाढवले आणि पालिकेकडून घेतलेले जुने पाणी पूर्वीइतकेच राहिले. न्यायशास्त्रात यासाठी उपाधी ही फार सूक्ष्म कल्पना आहे. ‘डोंगरावर धूर आहे, कारण तिथे अग्नी आहे’ हे अनुमान सदोष का? कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अग्नीला ओल्या इंधनाची जोड मिळाली तरच धूर होतो. ओले इंधन ही इथली उपाधी, म्हणजे ज्या अटीवर सगळे अवलंबून आहे पण जी अट बोलून दाखवलेली नाही. युक्तिवाद दुबळा करण्याचा प्रश्न म्हणजे उपाधी शोधण्याचा प्रश्न. आपल्या उदाहरणात ‘मिलनी जुना वापर कमी करणे’ ही उपाधी आहे.

आणि निष्कर्षाचा प्रश्न? ‘बमरोलीच्या प्रकल्पाची क्षमता दिवसाला ४ कोटी लिटर आहे’ एवढेच उताऱ्यात असेल, तर ‘पांडेसराला रोज ४ कोटी लिटर पाणी मिळते’ हा निष्कर्ष निघत नाही. क्षमता म्हणजे जास्तीत जास्त किती शक्य आहे; प्रत्यक्ष पुरवठा त्याहून कमी असू शकतो. त्यावरून ठामपणे एवढेच म्हणता येते की प्रकल्प क्षमतेच्या मर्यादेत चालत असेल तर तिथून मिळणारे पाणी दिवसाला ४ कोटी लिटरपेक्षा जास्त नसेल. निष्कर्षाच्या प्रश्नात बहुधा सर्वांत नेमस्त पर्याय बरोबर असतो. गृहीतकाच्या प्रश्नात दाव्याला पुरेल एवढाच.

न्यायालयाने आखलेली रेषा

हा नेमस्तपणा परीक्षेपुरता नाही. शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७३ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की आरोपी दोषी ‘असू शकतो’ आणि दोषी ‘असलाच पाहिजे’ यांतले अंतर मोठे आहे, आणि अंदाज व खात्रीचा निष्कर्ष यांची सीमा तिथेच आहे. पुढे १९८४ मध्ये पुण्यातल्या एका मृत्यूच्या खटल्यात, शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणी, न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्यासाठी पाच कसोट्या घालून दिल्या. परिस्थिती पूर्णपणे सिद्ध झाली पाहिजे. ती आरोपीच्या दोषाशीच जुळली पाहिजे. ती निर्णायक स्वरूपाची असली पाहिजे. दोषाखेरीज दुसरी कोणतीही शक्यता तिने शिल्लक ठेवता कामा नये. आणि पुराव्याची साखळी अशी पूर्ण असावी की निर्दोष असल्याचा वाजवी आधार उरू नये. त्या खटल्यात आरोपी निर्दोष सुटला. देशभरातल्या फौजदारी न्यायालयांत आजही या पाच कसोट्या उद्धृत होतात.

आपल्या प्रश्नाशी याचा संबंध सरळ आहे. चौथी कसोटी म्हणजे पर्यायी स्पष्टीकरण खोडून काढणे. बमरोलीच्या उताऱ्यात आपण ‘पाणी कूपनलिकेचे असेल तर?’ असे विचारले, तेव्हा नेमके तेच केले. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाकडून प्रवेशपरीक्षेत जे मागितले जाते, तेच पुढे त्याला वकील म्हणून उलटतपासणीत आणि न्यायाधीश झाला तर निकालपत्रात करावे लागते. म्हणून हा विभाग मला प्रवेशपरीक्षेचा गाभा वाटतो.

आधी आले म्हणून कारण झाले का?

कार्यकारणाचे युक्तिवाद या परीक्षेत वारंवार येतात आणि फसवतातही. सुरतेपुरतेच बोलू. सप्टेंबर १९९४ मध्ये शहरात प्लेगची साथ आली, लाखो लोक शहर सोडून गेले. १९९५ मध्ये एस. आर. राव पालिकेचे आयुक्त झाले. अधिकारी रोज सकाळी रस्त्यावर उतरू लागले, विभागीय अधिकाऱ्यांना निर्णयाचे अधिकार मिळाले आणि १९९६ मध्ये सुरत देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरांत गणली गेली. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात तिने इंदूरबरोबर पहिला क्रमांक विभागून घेतला.

यावरून ‘राव आले, म्हणून सुरत स्वच्छ झाली’ असा युक्तिवाद रचला, तर त्याची तपासणी कशी करावी? घटना आधी-नंतर आहेत एवढ्याने कारण सिद्ध होत नाही. विचारायचे असे: दोन्ही गोष्टींना तिसरेच एखादे कारण तर नाही? प्लेगच्या भीतीने नागरिक स्वतःच शिस्त पाळू लागले असतील. त्याच भीतीने शासनाने कर्तबगार अधिकारी पाठवला असेल. मग भीती हे दोहोंचे मूळ ठरते. युक्तिवाद दुबळा करणारा पर्याय हे दाखवेल. बळकट करणारा पर्याय काय दाखवेल? तसाच धोका अनुभवलेल्या, पण कारभाराची पद्धत न बदलणाऱ्या शहरात सफाई सुधारली नाही, हे. तुलनेत एकच घटक वेगळा ठेवला की कारण स्पष्ट होते. माझ्या मते सुरतेत कारभाराच्या बदलाचा वाटा निर्णायक होता, कारण भीती ओसरल्यानंतरही व्यवस्था टिकली. पण हे मत मांडण्यासाठी मला उताऱ्याबाहेरचे ज्ञान वापरावे लागते, आणि परीक्षेत ते चालत नाही. उत्तर द्यायचे ते छापलेल्या ओळींवरून.

तर आणि तरच

सशर्त विधानांवर थोडेसेच लिहितो, कारण नियम मोजके आहेत. लूमच्या खात्यातले वाक्य घ्या: ‘वीज गेली तर माग थांबतो.’ यावरून दोनच गोष्टी ठामपणे निघतात. वीज गेली, तर माग थांबला. माग चालू आहे, तर वीज गेलेली नाही. ‘माग थांबला, म्हणजे वीज गेली’ हे निघत नाही. बीम संपला असेल, ताण्याचा धागा तुटला असेल. ‘वीज आहे, म्हणजे माग चालू आहे’ हेही निघत नाही.

‘तरच’ आला की बाण उलटा फिरतो. ‘१८ वर्षे पूर्ण झाली असतील तरच मतदान करता येते.’ इथे १८ वर्षे ही आवश्यक अट आहे, पुरेशी नाही. मतदार यादीत नावही लागते. मुलीला १९ वर्षे झाली आणि तिला मत देता आले नाही, म्हणून हे विधान खोटे ठरत नाही. कायद्याच्या कलमांत अशा अटींची रेलचेल असते, म्हणून या चार ओळी हाताला वळण पडेपर्यंत गिरवाव्यात.

क्रम लावण्याचे प्रश्न

महाराष्ट्राच्या परीक्षेत क्रम आणि बैठकीचे प्रश्न असतात, आणि त्यांतही मूळ काम तेच: काय शक्य आहे आणि काय अटळ आहे ते वेगळे करणे. उधन्याहून खानदेशाकडे निघालेल्या एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. मार्गावरची पाच स्थानके क्रमाने: बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, अमळनेर. आजी, आत्या, मामा, काका आणि वहिनी यांपैकी प्रत्येक जण यातल्या वेगळ्या स्थानकावर उतरते. आत्या उतरल्यावर लगेच पुढच्या स्थानकावर मामा उतरतात. आजी नवापूरच्या आधी उतरत नाहीत. काका आणि वहिनी लागोपाठच्या स्थानकांवर उतरत नाहीत. व्याऱ्याला कोण उतरत असेल?

बहुतेक विद्यार्थी इथे आकृत्या काढायला घेतात. त्याआधी सर्वांत घट्ट बांधलेली गोष्ट पकडावी. आत्या-मामा ही जोडी एकसंध आहे, म्हणून तिच्या चारच जागा संभवतात. जोडी नवापूर-नंदुरबारला बसवली तर बारडोली, व्यारा आणि अमळनेर उरतात. आजी अमळनेरलाच जाणार, आणि काका-वहिनी बारडोली-व्याऱ्याला लागोपाठ येणार. हे चालत नाही. जोडी नंदुरबार-अमळनेरला बसवली तर आजी नवापूरला, आणि काका-वहिनी पुन्हा बारडोली-व्याऱ्यालाच. हेही नाही. म्हणून जोडी बारडोली-व्यारा किंवा व्यारा-नवापूर इथेच बसते. दोन्ही वेळा व्याऱ्याला आत्या किंवा मामा उतरणारच.

यातून आणखी एक गोष्ट निघते. अटीत म्हटले आहे की आजी नवापूरच्या आधी उतरत नाहीत, त्यामुळे त्या नवापूरला उतरू शकतात असे वाटते. पण जोडी बारडोली-व्याऱ्याला असताना आजी नवापूरला उतरल्या तर काका-वहिनी नंदुरबार-अमळनेरला लागोपाठ येतात. आणि जोडी व्यारा-नवापूरला असेल तर नवापूर आधीच भरलेले. म्हणजे आजी नंदुरबारला किंवा अमळनेरलाच उतरतात. एकूण मांडण्या सहाच. अट जे उघडपणे मना करत नाही ते शक्य आहेच, असे धरून चालणे ही या प्रकारच्या प्रश्नांतली सर्वांत मोठी चूक. सगळ्या अटी एकत्र आल्या की प्रत्येकीने एकटीने मोकळी ठेवलेली जागाही बंद होते.

अंदाजाचा हिशेब

क्लॅटमध्ये बरोबर उत्तराला एक गुण, चुकीला पाव गुणाची वजाबाकी. चार पर्यायांत डोळे मिटून निवडले तर सरासरीने एका प्रश्नामागे पाव गुण मिळतो आणि त्यातून तीन चतुर्थांशाचा पाव भाग जातो; हाती उरतो एक षोडशांश. म्हणजे असे १६ प्रश्न अंदाजाने सोडवले तर सरासरी एक गुण. दोन पर्याय निश्चित खोडून उरलेल्या दोहोंत निवडले, तर त्याच १६ प्रश्नांत सरासरी सहा गुण. दंडाच्या भीतीने प्रश्न कोरा सोडणे बहुतेक वेळा तोट्याचेच आहे. पण खरा फायदा खोडण्याच्या कौशल्यात आहे, आणि ते कौशल्य दावा व आधार यांच्यातली फट, म्हणजे वर सांगितलेला न बोललेला दुवा, शोधण्यातूनच येते. महाराष्ट्राच्या परीक्षेत दंडच नाही, तेव्हा तिथे एकही प्रश्न कोरा ठेवण्याचे कारण नाही.

वेळेचा हिशेब वेगळा. प्रश्नामागे एक मिनिट, आणि त्या मिनिटातच उताऱ्याचे वाचनही. म्हणून आधी प्रश्न वाचून मग उतारा चाळावा असा सल्ला दिला जातो. तर्काच्या उताऱ्यांसाठी मला तो पटत नाही. प्रश्न आधी वाचले की नजर शब्द शोधत फिरते आणि दावा हातून निसटतो. उतारा एकदा सावकाश वाचून दावा व आधार मनात ठरवले, तर पुढचे पाच प्रश्न भराभर सुटतात.

उत्तरतालिका आणि भाषा

छापील उत्तर चुकू शकते. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या क्लॅटच्या काही प्रश्नांवरून विद्यार्थी दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने उत्तरतालिकेत बदल करायला लावले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. मे २०२५ मध्ये न्या. भूषण गवई आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने प्रश्न ज्या निष्काळजीपणे रचले जातात त्याबद्दल उघड खेद व्यक्त केला. सराव करणाऱ्याने यातून एवढे घ्यावे की तालिकेशी उत्तर जुळले यात समाधान मानू नये. बरोबर पर्याय का बरोबर आणि बाकीचे तीन का चूक, हे चार वाक्यांत लिहिता आले पाहिजे. न जुळल्यास आपले कारण आणि तालिकेचे कारण समोरासमोर ठेवून पाहावे.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची अडचण खरी आहे. क्लॅट प्रादेशिक भाषांतही व्हावी ही मागणी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेली, पण परीक्षा अजून इंग्रजीतच होते. याउलट, पदवीनंतर वकिलीसाठी द्यावी लागणारी बार कौन्सिलची अखिल भारतीय परीक्षा मराठीतही देता येते आणि गुजरातीतही. शेवटच्या दारावर मराठी चालते आणि पहिल्या दारावर चालत नाही, हे मला अन्यायाचे वाटते. तोवर उपाय एकच: इंग्रजी उतारा वाचायचा आणि दावा, आधार, फट या तीन ओळी मराठीत लिहायच्या. सुरुवातीला याला वेळ लागतो. पण विचार ज्या भाषेत पक्का होतो त्या भाषेत तो झाला, की इंग्रजी पर्यायांतला फरक स्पष्ट दिसू लागतो. ज्यांच्या घरात अहिराणी बोलली जाते त्यांनी त्या ओळी अहिराणीत लिहिल्या तरी चालेल.

बमरोली, उधना, लिंबायत, डिंडोलीच्या ज्या घरांत कुणी क्लॅटची तयारी करत असेल त्यांनी २०२० च्या आधीच्या पद्धतीची, मालिका आणि सांकेतिक भाषेच्या प्रश्नांनी भरलेली जाडजूड पुस्तके क्लॅटसाठी विकत घेऊ नयेत. विद्यापीठांच्या संघाने प्रसिद्ध केलेल्या २०२० नंतरच्या प्रश्नपत्रिका आधी पूर्ण सोडवाव्यात, प्रत्येक उताऱ्याखाली त्या तीन ओळी लिहाव्यात, आणि महाराष्ट्राची परीक्षाही द्यायची असेल तरच बैठकव्यवस्थेचा नि मालिकांचा स्वतंत्र सराव करावा.